क्षितिज जन्मतं ताऱ्याच्या पोटात



दुर्बीण घेऊन आम्ही आकाशदर्शनाला कुठेही गेलो, वांगणीला जा किंवा एखाद्या शाळेच्या मैदानावर, एक प्रश्न ठरलेला असतो. शनीची कडी बघून होतात, चंद्रावरची विवरं बघून होतात, आणि मग रांगेतलं सातवी-आठवीतलं एखादं पोर विचारतं, "काका, आता कृष्णविवर दाखवा ना." मग आम्ही हंस तारकासमूहाकडे बोट करतो. हंसाच्या लांब मानेवर मध्यावर एक तारा आहे, त्याच्या अगदी शेजारी एक फिकट निळा तारा छोट्या दुर्बिणीतूनही दिसतो. या निळ्या ताऱ्याला एक जोडीदार आहे. दोघं एकमेकांभोवती ५.६ दिवसांत एक फेरी मारतात. जोडीदाराचं वस्तुमान सुमारे २१ सूर्यांइतकं आहे, आणि तो दिसत नाही. त्याचं नाव सिग्नस एक्स-१. पोर दुर्बिणीला डोळा लावतं, निळा तारा बघतं आणि म्हणतं, "पण विवर कुठंय?"

त्याचं चुकत नाही. विवर म्हटलं की आपल्याला बीळ, भोक, खड्डा आठवतो, आणि चंद्रावरचे खड्डे त्याने आत्ताच पाहिलेले असतात. शब्द मात्र मराठीत पक्का रुजलाय. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. नंतर कळलं की हे जगताप म्हणजे आपले डॉ. जयंत विष्णू नारळीकर; स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नाव घेतलं होतं. तेव्हा शब्द बदला असं काही आम्ही म्हणणार नाही. पण डोळ्यासमोरचं खड्ड्याचं चित्र तासाभरासाठी बाजूला ठेवू या. आणि एकच प्रश्न धरून बसू या: ताऱ्याचं कृष्णविवर होतं तेव्हा त्याची सीमा, जिला आपण घटनाक्षितिज म्हणतो, ती नेमकी कुठे आणि केव्हा तयार होते? आम्ही हे पहिल्यांदा शिकलो तेव्हा आमचा अंदाज साफ चुकला होता.

सुरुवात आपल्या सूर्यापासून करू. सूर्य हा वायूचा गोळा आहे. त्याचं स्वतःचं वजन त्याला सतत आत दाबतंय. तरी तो कोसळत नाही, कारण गाभ्यात तापमान दीड कोटी अंश आहे आणि त्या उष्णतेमुळे आतला दाब बाहेर ढकलतोय. ही उष्णता येते हायड्रोजनच्या संमीलनातून. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं, आणि त्यातल्या ४० लाख टनांचं सरळ ऊर्जेत रूपांतर होतं. आत ओढणारं गुरुत्वाकर्षण फुकट आहे, ते कधी संपत नाही. बाहेर ढकलणाऱ्या दाबाला मात्र इंधन लागतं. आजचं सगळं व्याख्यान या असमान लढतीचं आहे, असं समजा.

इंधन संपल्यावर काय? इथे मुंबईचा संबंध येतो. ३१ जुलै १९३० रोजी 'पिल्स्ना' नावाचं इटालियन जहाज मुंबई बंदरातून सुटलं. त्यावर मद्रासचा १९ वर्षांचा एक विद्यार्थी होता, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. केंब्रिजला शिकायला निघालेला. प्रवासात त्याने एक गणित करायला घेतलं. तोपर्यंत समजूत अशी होती की इंधन संपलेला कुठलाही तारा आकसून श्वेतबटू होतो आणि शांतपणे थंड होत जातो. व्याध ताऱ्याचा छोटा जोडीदार हा असाच एक श्वेतबटू: वस्तुमान सूर्याइतकं, आकार पृथ्वीएवढा. त्याला सावरून धरतो तो इलेक्ट्रॉनचा दाब. एकाच जागी एकाच गतीचे फार इलेक्ट्रॉन राहू शकत नाहीत. दाबाल तितके ते जास्त वेगाने धावायला लागतात, आणि या धावण्याचा दाब तापमानावर अवलंबून नसतो. म्हणजे इंधनाची गरजच संपली. तारा गार झाला तरी टिकला.

चंद्रशेखर यांनी यात एक गोष्ट आणली. हे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळ पोचले की आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद लागू होतो. वेगाला वरची मर्यादा आहे. मग अजून दाबलं तरी त्या प्रमाणात जास्त विरोध मिळत नाही. गणित सांगत होतं की एका ठरावीक वस्तुमानापुढे इलेक्ट्रॉनचा दाब हरणारच. आज ही मर्यादा आपण सुमारे १.४ सूर्य इतकी धरतो.

११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांनी हे मांडलं. लगेच त्यांच्यानंतर सर आर्थर एडिंग्टन उठले. ते त्या काळातलं खगोलशास्त्रातलं सर्वांत मोठं नाव. गंमत अशी की या गणिताचा शेवट कुठे जातो हे सभेत सगळ्यांत स्पष्टपणे एडिंग्टननीच सांगितलं: असा तारा आकसत आकसत काही किलोमीटरांचा होईल, आणि मग प्रकाशसुद्धा बाहेर पडणार नाही. आणि हे हास्यास्पद आहे, ताऱ्याला असं वागू न देणारा एखादा नियम निसर्गात असलाच पाहिजे, म्हणून त्यांनी ते फेटाळलं. सभेत हशा पिकला. २४ वर्षांच्या चंद्रशेखर यांच्या बाजूने तिथे कोणी बोललं नाही. पुढे ते शिकागोला गेले, या विषयावर एक ग्रंथ लिहिला आणि दुसऱ्या विषयांकडे वळले. नोबेल मिळालं ते १९८३ साली. त्याच वर्षी त्यांचा कृष्णविवरांच्या गणितावरचा ग्रंथही आला. आमचं मत विचाराल तर एडिंग्टन यांना भौतिकी कळली नव्हती असं नाही. त्यांना ती कळली होती, पटली नव्हती. वैज्ञानिकाच्या बाबतीत हे जास्त नुकसान करतं.

आता मोठ्या ताऱ्याकडे या. पंचवीस सूर्यांचा तारा घ्या. इंधन जास्त, पण खर्च त्याहून कितीतरी जास्त. हायड्रोजन त्याला सुमारे ७० लाख वर्षं पुरतो. सूर्याला तो १००० कोटी वर्षं पुरणार आहे. मग हेलियम जळतो, काही लाख वर्षं. मग कार्बन, साधारण ६०० वर्षं. निऑन एक वर्ष. ऑक्सिजन सहा महिने. आणि सिलिकॉन? एक दिवस. संसाराची घडी विस्कटलेल्या घरात आधी जमीन विकतात, मग दागिने, मग भांडी, तसं हे आहे. प्रत्येक पुढचं विकलेलं कमी दिवस पुरतं.

सिलिकॉननंतर गाभ्यात लोखंड आणि त्याच्या जवळची मूलद्रव्यं उरतात. इथे हिशोब थांबतो. लोखंडाची अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट घालावी लागते. तेव्हा गाभ्यातला हा लोखंडी गोळा इलेक्ट्रॉनच्याच दाबावर उभा असतो, आणि त्याच्यावर वरून राख पडत असते. तो चंद्रशेखर मर्यादेला टेकला की खेळ संपतो. पृथ्वीच्या आसपासच्या आकाराचा हा गाभा एका सेकंदापेक्षा कमी वेळात कोसळतो. आतले थर प्रकाशाच्या वेगाच्या चौथाईपर्यंत वेग घेतात. उष्णतेने लोखंडाची अणुकेंद्रं फुटतात, इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये घुसून न्यूट्रॉन होतात, आणि ज्या इलेक्ट्रॉनांवर डोलारा उभा होता तेच नाहीसे होतात. या प्रत्येक रूपांतरात एक न्यूट्रिनो बाहेर पडतो.

हे सगळं कागदावरचं नाही. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅगेलन मेघातल्या एका ताऱ्याच्या स्फोटाची बातमी आपल्यापर्यंत पोचली. प्रकाश दिसायच्या दोनतीन तास आधी जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या तीन उपकरणांनी मिळून दोन डझनांच्या आसपास न्यूट्रिनो टिपले होते, तेरा सेकंदांच्या आत. दीड लाखाहून जास्त प्रकाशवर्षांवरून आलेले. ताऱ्याच्या पोटातला कोसळ आपण तेवढा एकदाच प्रत्यक्ष टिपलाय.

कोसळणारा गाभा बहुधा न्यूट्रॉनांच्या दाबावर येऊन थांबतो. झाला न्यूट्रॉन तारा. दीड सूर्य वस्तुमान, आणि व्यास? चर्चगेटहून अंधेरीला जावं एवढा. असे तारे नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीतून नेहमी अभ्यासले जातात. इथपर्यंत येऊन अनेकांना वाटतं की न्यूट्रॉन ताऱ्यापासून कृष्णविवर फार लांब असेल. नाही. १.४ सूर्यांच्या ताऱ्याची त्रिज्या ११-१२ किलोमीटर असते. तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर झालं तर त्याची त्रिज्या ४ किलोमीटर. जेमतेम तिप्पट अंतर उरलेलं आहे.

मग न्यूट्रॉनांनी अजून जोर का लावू नये? इथे आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांताची खरी मेख आहे, आणि आमच्या मते लोकप्रिय पुस्तकं ती पटकन ओलांडून जातात. न्यूटनच्या हिशोबात फक्त वस्तुमान ओढतं. आइन्स्टाइनच्या हिशोबात दाबसुद्धा ओढतो. सूर्यात हा परिणाम नगण्य आहे. न्यूट्रॉन ताऱ्यात तो नगण्य राहत नाही. जुन्या वाड्याचं छत खचायला लागलं की आपण टेकू देतो. छत अजून खचलं, अजून जाड टेकू. पण कल्पना करा की टेकू असा आहे की तो जितका जोर लावील तितकं छतच जड होत जाईल. सुरुवातीला टेकू जिंकेल. एका टप्प्यापुढे टेकूच घर पाडेल. १९३९ साली ओपनहायमर आणि व्होल्कॉफ यांनी न्यूट्रॉन ताऱ्यालाही वरची मर्यादा आहे हे दाखवलं. त्यांचा आकडा कमी होता, आज ती मर्यादा सुमारे दोन ते सव्वादोन सूर्य मानतात. आणि पदार्थ कुठलाही असो, कितीही कडक असो, वरून खालपर्यंत दाट होत जाणारा गोळा आपल्या क्षितिज-त्रिज्येच्या सव्वापटीच्या आत, नेमकं सांगायचं तर नऊ अष्टमांशाच्या आत, स्थिर उभा राहूच शकत नाही हे १९५९ मध्ये बुखडाल यांनी सिद्ध केलं. तिथे मध्यावर अनंत दाब लागेल. म्हणजे दहा सूर्यांचा गोळा ३३ किलोमीटर त्रिज्येपर्यंत आला की ३० ची वाट बघायची गरज नाही. त्याला वाचवणारं काही उरलेलं नसतं.

ही ३० किलोमीटरची त्रिज्या कुठून आली? जॉन मिचेल नावाच्या इंग्रज पाद्र्याने १७८३ मध्येच असा विचार केला होता. पृथ्वीवरून निसटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो, सूर्यावरून ६१८. मिचेलने हिशोब केला की सूर्याइतक्याच घनतेचा पण ५०० पट व्यासाचा तारा असेल तर त्याचा प्रकाश निसटणार नाही. असा तारा साडेबारा कोटी सूर्यांइतका होईल. पुढे १९१६ मध्ये कार्ल श्वार्झशिल्ड यांचं आइन्स्टाइनच्या समीकरणांचं पहिलं नेमकं उत्तर प्रसिद्ध झालं. ते त्यांनी महायुद्धात रशियन आघाडीवर असताना काढलं होतं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात ते गेले. त्यातून निघणारा ठोकताळा सोपा आहे: दर सूर्यामागे ३ किलोमीटर. पृथ्वीला हाच हिशोब लावला तर ९ मिलिमीटर, म्हणजे गोटीएवढा गोळा.

पण मिचेलच्या ताऱ्यावरून प्रकाश वर जाऊन परत खाली पडतो, फेकलेल्या चेंडूसारखा. घटनाक्षितिज तसं नाही. दादर स्टेशनचा सरकता जिना आठवा. खाली येणाऱ्या जिन्यावरून एखादं व्रात्य पोर वर धावतंय. पोराचा वेग ठरलेला, तो वाढत नाही. जिना हळू असेल तर पोर वर पोचतं. जिना पोराच्याच वेगाने खाली चालला तर ते धावत राहतं आणि जागच्या जागी राहतं. जिना त्याहून वेगात गेला तर धावत धावतच खाली जातं. पोर म्हणजे प्रकाश, आणि जिना म्हणजे आत वाहत जाणारा अवकाश. जिथे दोघांचा वेग सारखा, ती पायरी म्हणजे क्षितिज. तिथे भिंत नाही, पापुद्रा नाही, कसली खूण नाही. फक्त बाहेर निघालेला प्रकाश तिथल्या तिथे राहतो.

आता मूळ प्रश्न. कोसळणाऱ्या ताऱ्याला हे क्षितिज पहिल्यांदा कुठे येतं? आमचा अंदाज होता की पृष्ठभागावर. तारा आकसतोय, आकसतोय, त्याचा पृष्ठभाग ठरलेल्या त्रिज्येला टेकला की तिथे एकदम क्षितिज उमटलं. बहुतेकांना असंच वाटतं. ते चूक आहे.

गोळ्याच्या अगदी मध्यावर एक दिवा आहे असं समजा, आणि तो दर क्षणाला एकेक चमक सोडतोय. ताऱ्यातला पदार्थ प्रकाश अडवत नाही असंही क्षणभर धरा. आधी सुटलेल्या चमका तारा मोठा असतानाच पृष्ठभागातून बाहेर पडतात. खूप उशिरा सुटलेल्या कधीच बाहेर येत नाहीत, वर चढता चढता मागे ओढल्या जातात. या दोहोंच्या मध्ये एक चमक अशी असणार, जी पृष्ठभागाला नेमकी तेव्हा गाठते जेव्हा पृष्ठभाग क्षितिज-त्रिज्येतून आत चाललेला असतो. ती चमक बाहेर जात नाही आणि आतही पडत नाही. ती तिथेच राहते. तीच चमक म्हणजे घटनाक्षितिज. आणि ती निघाली कुठून? ताऱ्याच्या केंद्रातून. म्हणजे क्षितिज एका बिंदूतून सुरू झालं, फुग्यासारखं बाहेर वाढत गेलं, आणि पृष्ठभागाला भेटेपर्यंत पूर्ण आकाराचं झालं. त्याची सुरुवात झाली तेव्हा ताऱ्याचा पृष्ठभाग अजून त्या त्रिज्येच्या बाहेरच होता.

केंद्रावर त्या क्षणी काय घडतं? काहीच नाही. तिथे एखादा मोजणारा बसवला असता तर त्याला कुठल्याही यंत्रावर काहीही वेगळं दिसलं नसतं. रात्रीची शेवटची कर्जत लोकल पकडायला माणसं घरातून निघतात. एक जण निघतो आणि त्याला गाडी मिळते. दुसरा दोन मिनिटांनी त्याच दारातून निघतो आणि त्याची गाडी चुकते. त्या दोन मिनिटांच्या मध्ये कुठेतरी एक रेषा आहे, पण ती दारावर आखलेली नसते. दुसरा माणूस उंबरा ओलांडतो तेव्हा त्याला काही जाणवत नाही. रेषा ठरते ती पुढे स्टेशनवर काय होणार त्यावरून. घटनाक्षितिज असंच आहे: ते आत्ताच्या परिस्थितीवरून ठरत नाही, पुढे काय काय आत पडणार आहे त्या सगळ्यावरून ठरतं. म्हणूनच उद्या आत पडणाऱ्या पदार्थासाठी क्षितिज आजच थोडं फुगायला लागलेलं असतं. ऐकायला हे भुताटकीसारखं वाटतं. पण क्षितिज हे कुणाला ढकलत नाही, ओढत नाही. तो एक हिशोब आहे, आणि हिशोब शेवटी मांडला तरी चालतो.

या कोसळण्याचं गणित पहिल्यांदा प्रसिद्ध केलं ओपनहायमर आणि त्यांचा विद्यार्थी स्नायडर यांनी, १ सप्टेंबर १९३९ च्या 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये, असं सगळीकडे वाचायला मिळतं. त्याच अंकात बोर आणि व्हीलर यांचा अणुविखंडनावरचा लेख होता, आणि त्याच दिवशी युरोपात महायुद्ध पेटलं. ताऱ्यांकडे बघायला पुढे बरीच वर्षं कुणाला सवड झाली नाही. पण कोसळणाऱ्या धुळीच्या गोळ्याचं हेच गणित आदल्या वर्षी, १९३८ मध्ये, कोलकात्याचे बी. दत्त यांनी एका जर्मन नियतकालिकात छापलं होतं. अभ्यासक आज त्याला ओपनहायमर–स्नायडर–दत्त प्रतिमान म्हणतात; पाठ्यपुस्तकांत दत्तांचं नाव अजून क्वचितच दिसतं. आणि कोलकात्याचेच अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये जे समीकरण मांडलं, त्यातल्या विचारांचा आधार घेत पेनरोज यांनी १९६५ मध्ये दाखवलं की तारा अगदी गोल नसला, वेडावाकडा कोसळला, तरी सुटका नाही. त्याचं नोबेल पेनरोज यांना २०२० मध्ये मिळालं. रायचौधुरी २००५ मध्येच गेले होते.

आता बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं ते बघू. इथे आमच्या आधीच्या व्याख्यानानंतर एका आजींनी फार नेमका प्रश्न विचारला होता. त्या म्हणाल्या, "तुम्हीच सांगता की लांबून बघणाऱ्याला तो पृष्ठभाग क्षितिजाशी थबकल्यासारखा दिसतो, कधी आत जाताना दिसतच नाही. मग कृष्णविवर झालं असं म्हणायचं तरी कसं?"

आजींची शंका चुकीची नव्हती. सोव्हिएत शास्त्रज्ञ बरीच वर्षं अशा वस्तूला 'गोठलेला तारा'च म्हणायचे. गोंधळ होतो तो दिसणं आणि घडणं यांत. पृष्ठभागावर बसून जाणाऱ्याच्या घड्याळात काही थांबत नाही. दहा सूर्यांचा गोळा असेल तर क्षितिज ओलांडल्यावर सेकंदाच्या सहा हजाराव्या भागाच्या आत सगळं संपतं. बाहेरच्याला दिसते ती त्याची मागे राहिलेली प्रतिमा, शेवटच्या क्षणी निघालेला आणि जिन्यावर रखडत वर येणारा प्रकाश. तो लाल होत जातो आणि विझत जातो, तोही भराभर: दर अर्ध्या सहस्रांश सेकंदाला निम्म्याहून कमी. प्रकाश कणांनी बनलेला आहे, आणि क्षितिज ओलांडण्याआधी सुटलेल्या कणांची संख्या मर्यादित आहे. त्यातला एक कण शेवटचा असतो. सेकंदाचा दहावा भाग उलटायच्या आत तो येऊन गेलेला असतो. त्यानंतर गोठलेला तारा बघायलासुद्धा काही शिल्लक राहत नाही. डेव्हिड फिंकेलस्टाइन यांनी १९५८ मध्ये हे क्षितिज एकदिशा पडदा आहे हे स्वच्छ मांडल्यावर लोकांच्या डोक्यातलं गोठणं सुटायला लागलं.

दुसरी खूण कानांनी ऐकण्यासारखी आहे. बंगळुरूचे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये दाखवलं की कृष्णविवराला धक्का दिला तर ते ठरावीक सुरात कंप पावतं आणि पटकन शांत होतं. पृष्ठभाग असलेली वस्तू अशी चटकन शांत होत नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी ३६ आणि २९ सूर्यांची दोन कृष्णविवरं एक होताना टिपली. त्या खुणेच्या शेपटीला सुराचं विझणं अपेक्षेप्रमाणेच होतं. अशीच एक वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात औंढा इथे उभी राहते आहे.

पण हे झालं तयार कृष्णविवरांचं. ताऱ्याचं कृष्णविवर होताना कोणी पाहिलंय का? पाठ्यपुस्तकात तक्ता असतो: आठ ते पंचवीस सूर्य असतील तर न्यूट्रॉन तारा, पुढे कृष्णविवर. आम्हीही तो तक्ता वर्षानुवर्षं दाखवलाय, आता दाखवत नाही. मोठे तारे आयुष्यभर वाऱ्यावर वस्तुमान उधळतात. ज्यात जड मूलद्रव्यं जास्त, तो जास्त उधळतो. २०२४ मध्ये गाया उपग्रहाच्या निरीक्षणांतून सुमारे दोन हजार प्रकाशवर्षांवर ३३ सूर्यांचं एक कृष्णविवर सापडलं, आणि त्याच्या जोडीदार ताऱ्यात जड मूलद्रव्यं अगदी तुटपुंजी आहेत. त्यातून असं दिसतं की जे जन्मतःच असे निर्मळ असतात ते शेवटपर्यंत जड राहतात. शिवाय गाभा कोसळल्यावर बाहेर निघालेली धडक-लाट वाटेत अडकते. न्यूट्रिनोंनी तिला पुन्हा जोर दिला तर स्फोट होतो. नाही दिला तर वरचा पदार्थ नव्या न्यूट्रॉन ताऱ्यावर कोसळत राहतो, मर्यादा ओलांडते, आणि त्याच्या केंद्रातून क्षितिज निघतं. ताऱ्याच्या बाहेरच्या आवरणाला तेव्हा पत्ताच नसतो. तांबड्या महाराक्षसी ताऱ्याचं आवरण इतकं विस्तीर्ण असतं की त्याला खाली पडायला महिने लागतात. काक्षी तारा आपण मृगात बघतो. त्याचा गाभा कोसळला तरी तो लगेच बाहेरून तसाच दिसेल.

म्हणून २००८ च्या सुमारास अमेरिकेतल्या काही खगोलशास्त्रज्ञांनी उलटा विचार केला. सगळे आकाशात नवं काय उजळलं ते शोधतात. आपण काय नाहीसं झालं ते शोधू. जवळच्या दीर्घिकांमधल्या लाखो महाराक्षसी ताऱ्यांची पुन्हा पुन्हा हजेरी घ्यायची, आणि गैरहजर कोण ते बघायचं. त्यांनी आपल्या लेखाला नावच दिलं होतं 'काहीच नसण्याचं सर्वेक्षण'. ॲरिझोनातल्या मोठ्या द्विनेत्री दुर्बिणीने हे काम सुरू झालं. एनजीसी ६९४६ या दोन-अडीच कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत त्यांना एक गैरहजर सापडला. सुमारे २५ सूर्यांचा तारा. २००९ मध्ये तो काही महिने दहा लाख सूर्यांहून तेजस्वी झाला, आणि नंतर दृश्य प्रकाशात नाहीसा झाला. हबल दुर्बिणीने बघितलं तरी तिथे तारा नव्हता. न्यूट्रिनोंनी वस्तुमान नेल्यामुळे सैल झालेलं आवरण सावकाश उडून जाताना जशी मंद चमक दिसावी, तशीच ती होती.

मग जेम्स वेब दुर्बिणीने त्या जागेकडे बघितलं, आणि तिथे अवरक्त प्रकाशात मंद असं काहीतरी अजून आहे. जवळजवळ असलेले दोनतीन उगम मिसळून गेलेत. ती आत पडणाऱ्या अवशेषांची ऊब असू शकते. किंवा तिथे दोन तारे एकमेकांत मिसळले असतील आणि धुळीच्या बुरख्याआड एक तारा जिवंत असेल. दोन्ही बाजूंनी लेख येताहेत. बुरखा असेल तर धूळ विरळ होत जाईल आणि तारा हळूहळू पुन्हा दिसायला लागेल. कृष्णविवर असेल तर ती ऊबही वर्षागणिक मंदावत जाईल. तेव्हा त्या जागेचा फोटो दरवर्षी घ्यायचा आणि आदल्या वर्षीच्या शेजारी ठेवायचा, एवढंच सध्या चाललंय.